रील पेणची, पत्ता कुणाचा?

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपती कारखान्यांच्या रील्स मी रोह्यात बसून बघते. डोळ्यांची आखणी बघताना स्क्रोल थांबतोच! पण मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हे बहुतेक रील्स सांगत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनंतर खरा प्रश्न तोच आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, बायोमधली उघडते. तिथे नुसता मोबाईल नंबर असतो. मग फोटो उचलून कुणीही दलाल विकतो आणि कारागिराचं नाव गळतं. म्हणून माती, उंची, किंमत आणि नाव कारखान्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर हवं. रीलने गिऱ्हाईक फक्त तिथवर आणून सोडायचं.