दोन ॲनी मूर: नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षात आपल्याला 'संदर्भ द्या' हे इतक्या वेळा ऐकवलं जातं, की संदर्भ दिला म्हणजे विधान सिद्ध झालं असं हळूहळू वाटायला लागतं. म्हणून या वेळी एका अशा गोष्टीची चिकित्सा करूया, जिला संदर्भांची अजिबात वाण नव्हती. ती पुस्तकांत होती, वर्तमानपत्रांत होती, सरकारी समारंभांतही होती. आणि तरी तिच्यातली बाई चुकीची होती.

गोष्ट आयरिश स्थलांतराची आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरात एलिस आयलंडचं तपासणी केंद्र सुरू झालं. त्या दिवशी तिथून सगळ्यात पहिल्यांदा पार झाली ती ॲनी मूर ही कॉर्कची मुलगी. आज कोव्ह म्हणतात त्या क्वीन्सटाउन बंदरातून ती 'नेवाडा' जहाजाने आली होती. सोबत दोन धाकटे भाऊ, अँथनी आणि फिलिप. आई-वडील आधीच न्यूयॉर्कला पोचले होते. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं, बातमी छापून आली, आणि त्यानंतर ॲनी मूर सार्वजनिक नोंदींतून जवळजवळ नाहीशी झाली. शहरात लाखो माणसं येत होती. एका मुलीचं पुढे काय झालं हे कोण बघणार?

पुढे बऱ्याच वर्षांनी एलिस आयलंडला राष्ट्रीय स्मारकाचं महत्त्व आलं, तेव्हा 'त्या पहिल्या मुलीचं काय झालं?' हा प्रश्न निघाला. उत्तरही मिळालं. ॲनी म्हणे पश्चिमेकडे गेली. आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या घराण्यातला म्हणवणाऱ्या एका ओकॉनेलशी तिचं लग्न झालं, आणि १९२३ मध्ये टेक्सासात ट्रामखाली सापडून ती गेली. तिचे वंशजही पुढे आले. समारंभांत त्यांना मानाने बोलावलं गेलं. १९९३ मध्ये शिल्पकार जीन रिनहार्ट यांनी घडवलेले ॲनीचे पुतळे कोव्हला आणि एलिस आयलंडला उभे राहिले. दोन्ही बंदरं, मधे समुद्र, आणि एका मुलीचं पूर्ण आयुष्य. सगळं जागच्या जागी बसलं होतं.

अडचण एवढीच होती की टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मली होती.

हे २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळी-अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं. स्थलांतरावरच्या एका माहितीपटासाठी त्या ॲनीचे कागद बघत होत्या. जनगणनेसारख्या नोंदींत टेक्सासच्या बाईचं जन्मस्थान इलिनॉय असं लागलेलं. आता तुम्हीच बघा, हा काही तळघरात पुरलेला कागद नव्हता. अमेरिकेच्या त्या काळच्या जनगणनेत जन्म कुठला, हा प्रश्न प्रत्येकाला विचारलेलाच आहे. म्हणजे खोडून काढणारा पुरावा सगळ्यांच्या हाताशी होता. तो बघायची गरज कुणाला वाटली नाही, कारण गोष्ट छान होती.

माझी पहिली टीका इथे आहे, आणि ती त्या कुटुंबावर नाही. घरात आजी सांगते ते आपण सगळेच खरं मानतो. टीका आहे ती पुढच्या साखळीवर. कुटुंबाने सांगितलं, वर्तमानपत्राने छापलं, पुस्तकाने वर्तमानपत्राचा हवाला दिला, पुढच्या पुस्तकाने आधीच्या पुस्तकाचा. दहा संदर्भ झाले, पण उगम एकच. आपल्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणातही नेमकं हेच होतं. पाच लेखकांनी एक आकडा दिला म्हणून आपण तो ठोकून लिहितो. पाचही जण एकाच जुन्या अहवालातून उचलत असतील, तर तो एकच साक्षीदार पाच वेळा बोलला असं धरा.

दुसरी टीका गोष्टीच्या घाटावर. टेक्सासची ॲनी लोकांना का पटली? पश्चिमेकडे जाणं हा अमेरिकेच्या स्वतःबद्दलच्या कथेचा लाडका भाग आहे. त्यात थोर घराण्याशी नातं, त्यात अपघाती मृत्यू. आपल्याला जे ऐकायला आवडतं त्याच्याकडे आपण पुरावा कमी मागतो. तुमच्या गृहीतकाला एखादी मुलाखत किंवा एखादा कागद अगदी चपखल बसला, की त्या दिवशी आनंद जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी तो कागद परत काढा.

आता दुसरी बाजू. टेक्सासची ॲनी बाद झाली. मग खरी कोण? इथे बरेच विद्यार्थी गडबडतात. एक दावा पडला म्हणून दुसरा आपोआप उभा राहत नाही. खोडणं हे एक काम, ओळख पटवणं हे वेगळं काम. स्मोलेन्याक यांनी ती दोन्ही वेगवेगळी केली, म्हणून त्यांचं काम मला शिकण्यासारखं वाटतं. खऱ्या ॲनीचा माग देणाऱ्याला त्यांनी एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं. न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाचे तेव्हाचे प्रमुख ब्रायन अँडरसन त्यात सामील झाले. आणि दार उघडलं ते ॲनीच्या नावाने नाही, तर भावाच्या. फिलिप मूरचे नागरिकत्वाचे कागद सापडले, त्यावरून त्याचं कुटुंब, आणि तिथून ॲनी.

यातली युक्ती समजून घ्या. 'ॲनी' साधं नाव, 'मूर' साधं आडनाव. न्यूयॉर्कमध्ये अशा किती जणी असतील याची गणती नाही. शिवाय लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं आणि ती नोंदींत हरवते. पण ॲनी, अँथनी आणि फिलिप ही तीन भावंडं एकत्र असलेलं मूर कुटुंब शोधा म्हटलं, की गर्दी एकदम पातळ होते. भावाचं आडनाव बदलत नाही, म्हणून बहिणीचा रस्ता भावाच्या कागदातून जातो. एकट्या माणसाचा शोध लागत नसेल तर त्याच्या भोवतीची माणसं शोधा: भावंडं, शेजारी, लग्नातले साक्षीदार, बाप्तिस्म्याला उभे राहिलेले नातेवाईक.

खऱ्या ॲनीचं आयुष्य टेक्सासच्या गोष्टीपुढे अगदी साधं निघालं. ती न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली. जोसेफ ऑगस्टस शायर या जर्मन वंशाच्या माणसाशी तिचं लग्न झालं. दहा-अकरा मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. १९२४ मध्ये तीही गेली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी कब्रस्तानात तिची जागा होती, वर साधा दगडही नव्हता. म्हणजे दुसऱ्याच बाईच्या नावाने समारंभ चालू होते आणि ही बाई त्याच शहरात बिननावाची पडली होती. चुकीच्या जोडणीची किंमत कुणीतरी मोजतं, ती अशी. २००८ मध्ये तिच्या कबरीवर केल्टिक क्रूस उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, आयर्लंडमधूनच उलट का नाही शोधलं? तिथल्या जनगणनेत बघायचं, संपलं. इथे आयरिश नोंदींची दुखरी जागा येते, आणि पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असावी लागते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून संपवले. देशभराची पूर्ण शिल्लक राहिलेली सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. आणि ॲनी तर १८९१ च्या अखेरीस निघून गेली. म्हणजे तिच्या देशाच्या उरलेल्या जनगणनेत ती कुठेच नाही.

मग आधार कशाचा? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचा, १८६४ पासूनच्या सर्वधर्मीय जन्म-मृत्यू-विवाह नोंदींचा, आणि १८४७ ते १८६४ मध्ये झालेल्या ग्रिफिथ यांच्या जमीन-मूल्यांकनाचा. ॲनीच्या बाबतीत बाप्तिस्म्याची नोंद फार कामाची ठरली. बातमीदारांनी लिहिलं होतं की ती त्याच दिवशी पंधरा वर्षांची झाली. नोंदीप्रमाणे ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवस जानेवारीत नव्हताच. त्याच दिवशीची, डोळ्यांनी बघून लिहिलेली बातमीसुद्धा तपासावी लागते, हे इथे लक्षात घ्या. 'समकालीन स्रोत' या शब्दाला आपण जरा जास्तच नमस्कार करतो.

जळालेल्या कागदांबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याही विषयात उपयोगी पडेल. १९०९ पासून आयर्लंडमध्ये सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. अनेक म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून त्यांचं घर शोधलं गेलं आणि ती माहिती अर्जावर उतरवली गेली. पुढे मूळ जनगणना जळाली, अर्ज राहिले. तेव्हा मूळ कागद गेला असेल तर विचारा: तो जिवंत असताना त्यातून कुणी, कुठल्या कामासाठी, काय उतरवून घेतलं होतं?

नाव पुरत नाही, हे त्या काळच्या आयरिश माणसांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बॉस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यात नुसतं नाव टाकून कुणी थांबत नसे. परगणा, पॅरिश, जमलं तर टाउनलँड म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा, कधी निघाला, शेवटचा कुठे कामाला होता, हे सगळं देत. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. भावाला शोधणाऱ्या बहिणीला पक्कं माहीत होतं की त्याच नावाची माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. खूण पटते ती गावाने आणि नात्याने. आज आपण शोधयंत्रात दोन शब्द टाकतो आणि पहिला निकाल 'आपला' मानतो. पुरावा म्हणून त्या जाहिराती आपल्या शोधपेटीपेक्षा जास्त काटेकोर होत्या.

शेवटची टीका, आणि ही दुरुस्त गोष्टीवरची. खरी ॲनी सापडल्यावर एक नवी कथा तयार झाली: हीच खरी सामान्य स्थलांतरित, गरिबी सोसणारी, मुलांना वाढवणारी, शहर सोडून न गेलेली. मला ही कथा आवडते, म्हणूनच तिच्याकडे संशयाने बघतो. ॲनी खरी आहे हे सिद्ध झालं. ती प्रातिनिधिक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या काळात आयर्लंडमधून कितीतरी अविवाहित तरुणी एकट्या अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी कामाला राहिल्या. ॲनी भावांचा हात धरून आई-वडिलांकडे आली. तिचं 'पहिली' असणंही केंद्राच्या उद्‌घाटनाच्या तारखेमुळे. १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमधून लाखो लोक तिच्या आधी येऊन गेले होते. एक नीट तपासलेलं आयुष्य हा मोलाचा पुरावा आहे, पण तो एका आयुष्याचाच. शिवाय तिचं स्वतःचं म्हणणं या सगळ्यात जवळजवळ नाहीच. पत्ते, जन्म, मृत्यू, लग्न यांच्या नोंदी आहेत. प्रवासात तिला काय वाटलं हे त्यातून काढू नका.

तर तुमच्या कामात कुठलीही ओळख जुळवताना, मग ती व्यक्ती असो, हस्तलिखित असो की गाव, वहीत चार ओळी लिहून ठेवा. नावाशिवाय अजून काय जुळतंय? माझं म्हणणं खोटं ठरवणारा कागद कुठला असेल, आणि तो मी उघडला का? माझे संदर्भ खरोखर वेगवेगळे आहेत, की एकाच उगमाचे? आणि जे सिद्ध झालं त्याहून जास्त मी कुठे बोलतोय? टेक्सासच्या ॲनीला दुसरा प्रश्न एकदाच विचारला असता, तर इलिनॉय हे उत्तर त्याच दिवशी समोर आलं असतं.