‘मूळ’ पृष्ठाचा प्रश्न : गुन्हेकथांची चित्रे आणि त्यांचा संग्रह

मुद्रणासाठीच जन्मलेल्या कलाकृतीला ‘मूळ’ प्रत असते काय, हा प्रश्न अमेरिकन गुन्हेकथा-कॉमिक्सच्या चित्रपृष्ठांच्या संग्रहामुळे नव्याने उभा राहतो. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेन्यामिनने १९३६ साली प्रतिपादले. येथे मात्र उलटाच क्रम दिसतो. लिलावात ज्याची बोली लागते ते पृष्ठ निर्मितीच्या काळी केवळ छापखान्याचा कच्चा माल होते. त्याला तेजोवलय लाभले ते पुनरुत्पादनानंतर, आणि पुनरुत्पादनामुळेच. नेल्सन गुडमनच्या विवेचनानुसार कोरीव छापचित्रात ताम्रपट ही कलाकृती नव्हे, त्यावरून काढलेले छाप हीच कलाकृती होय. त्या न्यायाने संग्राहक जपतो ती कलाकृती नसून तिचा ताम्रपट आहे.

याचे लक्षणीय उदाहरण ‘ई. सी. कॉमिक्स’ या प्रकाशनाचे आहे. त्याच्या ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’ या मालिकेचे १९५० ते १९५५ या काळात २७ अंक निघाले. २२ व्या अंकाचे मुखपृष्ठ जॉनी क्रेगचे होते : एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांनी धरलेले स्त्रीचे छिन्न मस्तक. २१ एप्रिल १९५४ रोजी बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीपुढे सेनेटर केफॉव्हर यांनी हेच मुखपृष्ठ पुढे करून ते सुरुचीला धरून आहे काय, असे प्रकाशक विल्यम गेन्स यांना विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठापुरते ते सुरुचीत बसते, मस्तक आणखी वर धरून गळणारे रक्त दाखविले असते तर ते अभिरुचिहीन ठरले असते, अशा आशयाचे उत्तर गेन्स यांनी दिले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि हा वाङ्मयप्रकार जवळजवळ संपुष्टात आला.

त्या काळी अन्य प्रकाशक वापरून झालेली चित्रपृष्ठे बहुधा नष्ट करीत किंवा वाटून टाकीत. गेन्स यांनी मात्र आपल्या संस्थेची जवळजवळ सर्व पृष्ठे जपून ठेवली आणि १९८० च्या दशकात रस कॉक्रन यांच्या लिलावांतून ती संग्राहकांपर्यंत पोहोचली. जे चित्र एकेकाळी आरोपाचा पुरावा होते त्याच जातीची चित्रे आता संपत्ती ठरली. या रूपांतरात चित्राच्या हिंसेचे काय झाले, हा समीक्षेचा प्रश्न आहे. समितीने मुखपृष्ठाला कथेपासून तोडून पाहिले. संग्राहकही त्याला चौकटीत बसवून कथेपासून तोडतो. निषेध आणि कौतुक या दोन्ही कृतींत कथानक गळून पडते, हे साम्य दुर्लक्षिता येत नाही.

तरीही संग्रहाला केवळ वस्तुपूजा म्हणणे अन्यायाचे होईल. मुद्रित अंक जे लपवितो ते हे पृष्ठ उघड करते. छापील पानापेक्षा आकाराने मोठ्या जाड कागदावर शाईच्या रेषा, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, चिकटविलेले तुकडे दिसतात. रंग मात्र त्यावर नसतात, कारण ते वेगळ्या प्रतीवर, बहुतांशी मेरी सेव्हरिन यांच्या हातून, योजले जात. शिवाय अल फेल्डस्टीन यांच्या कथांत मजकूर आधी पृष्ठावर लिहिला जाई, यंत्रसाच्याने अक्षरे उमटविली जात आणि मगच ते पृष्ठ चित्रकाराकडे जाई. शब्दांनी व्यापून उरलेल्या जागेत चित्राला वावरावे लागे. या कथांतील शब्दबाहुल्य आणि शब्द-चित्रांची द्विरुक्ती यांची उपपत्ती त्यामुळे लेखकाच्या शैलीइतकीच निर्मितिक्रमातही शोधावी लागते. क्रेग आपल्या कथा स्वतःच लिहून चित्रित करीत. त्यांच्या पृष्ठांवरील शब्द आणि चित्र यांचा तोल निराळा भासतो, तो याच कारणाने.

म्हणजे बाजार ज्या पृष्ठाला एका कलावंताच्या हाताची खूण म्हणून मोल देतो, तेच पृष्ठ अनेक हातांच्या श्रमविभागणीची साक्ष देते. हस्तलिखिताने पाठचिकित्सेला जे दिले तेच ही पृष्ठे चित्रकथेच्या अभ्यासाला देऊ शकतात. मात्र हस्तलिखित म्हणजे ग्रंथ नव्हे, हे भान राखले तरच. कथा छापील अंकात आहे आणि तिचा निर्मिती-इतिहास पृष्ठावर. संग्राहकाला यांपैकी एकाची निवड करता येते. समीक्षकाला ती मुभा नाही.