एक जूनचा वाढदिवस आणि बाल न्याय कायदा

आज आपण एका कायद्याचं परीक्षण करणार आहोत, पुस्तकाचं करतो तसंच. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, प्रत्यक्षात काय लिहिलं गेलं आणि वाचणाऱ्याच्या पदरात काय पडलं, एवढं पाहायचं. कायदा आहे बाल न्याय अधिनियम, २०१५. आणि तो वाचायला आम्ही मुद्दाम कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेतले आहेत.

आधी इतिहास, थोडक्यात. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत 'बालक' होती. २००० साली दोघांनाही अठरा. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ते प्रकरण घडलं. आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की वय कमी करू नका. पण लोकांचा राग मोठा होता. तो मुलगा तीन वर्षं पुरी करून २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. सोळा ते अठरामधल्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करणार आणि त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का ते ठरवणार. हे कलम १५.

आपल्याकडे या कलमाची चर्चा घरोघरी पोचली ती मे २०२४ मध्ये, पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू आणि त्याच दिवशी जामीन, तोही तीनशे शब्दांच्या निबंधावर. लोक चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. मागणी एकच झाली : वय खाली आणा.

आता आमचा मुद्दा ऐका. त्या मुलाचं वय सतरा आहे, यावर एका माणसानेही शंका घेतली नाही. जन्मदाखला, शाळा, पासपोर्ट, सगळं जागेवर. सोळा की अठरा, हा वाद ज्याची जन्मतारीख पक्की आहे त्याच्यापुरता आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं की देशातल्या प्रत्येक मुलाला जन्मतारीख असते.

कर्जत-खालापुरात या. इथल्या वाड्यांवर, म्हणजे कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या, जन्मतारखा विचारून बघा. निम्म्या वेळा उत्तर येईल, 'एक जून'. तुम्ही हसताय, कारण तुमच्याही घरात एखादी एक जून असेल! शाळा जूनमध्ये भरते. बाप मुलाला घेऊन येतो, तारीख माहीत नसते, गुरुजी मुलाकडे बघतात आणि सहा वर्षं मागची एक जून टाकतात. कुणी कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं असतं, मूल तिथेच जन्मलेलं असतं आणि पावसाच्या तोंडाशी सगळे वाडीवर परततात. त्या जन्माची नोंद भट्टीच्या गावात नाही आणि वाडीच्या ग्रामपंचायतीतही नाही. ज्यांच्याकडे कागद असतात त्यांचेही टिकतात असं नाही. खालापुरातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा घरांबरोबर घरातले कागदही मातीखाली गेले.

आता कलम ९४ वाचा. वय ठरवायचं कसं? आधी शाळेचा दाखला. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे पहिला पुरावा गुरुजींचा अंदाज. आणि शेवटचा पुरावा, ती हाडांची तपासणी, तिच्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात हे डॉक्टरच सांगतात. ज्या कायद्यात एका दिवसाच्या फरकाने मुलगा प्रौढांच्या कोर्टात जाऊ शकतो, त्या कायद्याचा पाया वर्षा-दोन वर्षांनी हलतो. आमच्या मते हा या लिखाणातला सगळ्यात मोठा दोष आहे.

हे कुणाला फार तात्त्विक वाटेल, म्हणून एक खटला सांगतो. पुण्यात १९९४ साली एका कुटुंबात सात जणांची हत्या झाली. एका आरोपीला फाशी झाली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शाळेच्या नोंदीवरून ठरवलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, आणि त्याला सोडलं. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. गुन्हा भयंकर होता, त्यात दुमत नाही. पण एक शाळेचा कागद वेळेवर पुढे आला नाही, त्याची ही किंमत. वयाचा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कधीही काढता येतो असं कलम ९ म्हणतं. कबूल. पण तो काढायला वकील लागतो, आणि वकिलाला दाखवायला कागद लागतो.

दुसरा मुद्दा किरकोळ गुन्ह्यांचा. समजा, खोपोलीतल्या एखाद्या बंद कारखान्यातून भंगार उचलताना एक सोळा वर्षांचा मुलगा सापडला. इथे कायदा खरंच चांगला लिहिलाय, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. २०१६ चे आदर्श नियम सांगतात की निर्घृण अपराध नसेल तर एफआयआर नोंदवायचाच नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल लिहायचा आणि दोन्ही मंडळाकडे पाठवायचं. लॉकअप नाही. मुलाशी बोलताना गणवेश नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा. चौकशी चार महिन्यांत संपवायची. आणि कलम २४ नुसार पुढच्या आयुष्यात या नोंदीची आडकाठी येता कामा नये.

पण त्याच नियमात एक छोटा अपवाद आहे : प्रौढासोबत मिळून गुन्हा केला असेल तर एफआयआर होतो. आता सांगा, वाडीवरचा सोळा वर्षांचा मुलगा भंगार उचलायला कुणाबरोबर जाणार? एकोणीस वर्षांच्या चुलतभावाबरोबरच ना! नियमाने पुढच्या दाराने दिलेलं संरक्षण इथे मागच्या दाराने निघून जातं. आणि तो सामाजिक पार्श्वभूमी अहवाल? त्यात घर, शाळा, कमाई, स्थलांतर सगळं यायला हवं. तो वाडीवर न जाता ठाण्यात बसून भरला, तर 'वडील मजुरी, शिक्षण अर्धवट' एवढ्या दोन ओळींत मुलगा संपतो.

तिसरी गोष्ट हुल्लडबाजीची. पावसाळ्यात आपल्याकडच्या धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश निघतात. बुडून माणसं मरतात, दारू पिऊन धिंगाणा होतो, आदेशाला कारण आहे. पण तो आदेश शहरातून गाडी घेऊन आलेल्या पोराला जसा लागतो, तसाच ओढ्यावर मासे धरायला आलेल्या कातकऱ्याच्या पोरालाही लागतो. इंग्लंडने १९९८ मध्ये असाच प्रयोग केला. उपद्रवी वागणुकीवर दिवाणी मनाई हुकूम, आणि तो मोडला तर थेट फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. आधी ज्याला गुन्हा म्हणत नव्हते त्यातून मुलं गुन्हेगार ठरू लागली. २०१४ च्या कायद्याने त्यांनी तो हुकूम मोडीत काढला. वागणं सुधारायला काढलेला आदेश गुन्हेगार मोजायचं यंत्र होऊ शकतो, एवढं आपण त्यातून घ्यावं.

मग कुणी म्हणेल, पोलीस-कोर्ट कशाला, गावकीत मिटवा. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलाचं कुटुंब, पीडित आणि पोलीस यांना एकत्र बसवायची रीत आणली, तिचं जगभर कौतुक होतं. पण रायगडकरांना गावकीबद्दल कुणी नव्याने सांगायला नको. गावकीने कुटुंबं वाळीत टाकली, ती प्रकरणं याच जिल्ह्यातून गाजली आणि राज्याला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. बैठक जरूर व्हावी, पण ती मंडळाच्या देखरेखीखाली व्हावी. मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात ते याचसाठी.

आता पीडितांचा प्रश्न. लोकलमध्ये ज्या बाईचा फोन हिसकावला गेला, तिला चोर सतरा वर्षांचा होता हे सांगून काय समाधान मिळणार? काहीच नाही, आणि तिचा राग खोटा नाही. पण तिला हवंय काय? तो पुन्हा असं करू नये. ते वय खाली आणून साधत नाही. वेळेत झालेली चौकशी, खरा अहवाल आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा पाठपुरावा यांनी साधतं.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. या कायद्यात दर मोठ्या प्रकरणानंतर वरच्या टोकाला दुरुस्तीची मागणी होते आणि खालच्या टोकाकडे कुणी बघत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेत घालायलाही जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणजे गुरुजींचा अंदाजही संपला. ज्याची नोंद नाही, तो आता शाळेच्या दारातही अडेल आणि ठाण्यातही. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद त्याच हंगामात झाली पाहिजे, हे ग्रामपंचायतीचं काम आहे आणि ते करून घेणं आपलं आहे.

वय सोळा असावं की अठरा, यावर पुढे जरूर भांडू. त्याआधी आपापल्या वाडीवर जाऊन विचारा, इथल्या किती मुलांचा वाढदिवस एक जूनला असतो.