कुणपजल आणि शाळेची परसबाग

सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत ग्रंथ. १९९६ साली सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि संस्कृत न जाणणाऱ्यांची मोठी सोय झाली. सेंद्रिय भाजीपाल्यावरील लेखनात आता या ग्रंथातील ‘कुणपजला’चा उल्लेख वारंवार येतो. तो ज्या रीतीने येतो, त्याविषयी आमची तक्रार आहे.

मूळ कृती मुळीच सोवळी नाही. प्राण्यांची विष्ठा, मांस, मज्जा, चरबी पाण्यात शिजवायची. त्यात तूस, तिळाची पेंड, मध, भिजवलेले उडीद, थोडे तूप घालून मडके पंधरवडाभर उबदार जागी ठेवायचे. प्रमाण ठरलेले नाही, असे ग्रंथच सांगतो. आज मांसाच्या जागी पाला येतो, लिटर-किलोंची प्रमाणे येतात, आणि कृती मात्र ‘प्राचीन’च राहते! बदल करण्यास आमची हरकत नाही. तो न सांगण्यास आहे.

कुणपजलाने झाडे वाढतात यात गूढ काही नाही. मांसातील व पेंडीतील प्रथिने जिवाणू कुजवतात, अमोनियम तयार होते, जमिनीत त्याचे नायट्रेट होते आणि मुळे ते शोषून घेतात. तिळाच्या पेंडीत ५-६ टक्के नत्र असतेच. म्हणून एका वाफ्याला कुणपजल आणि दुसऱ्याला साधे पाणी घातले, तर नत्र उपयोगी आहे एवढेच सिद्ध होते. त्यासाठी सुरपालापर्यंत जाण्याची गरज नाही. तिसरा वाफा हवा. त्यात तेवढीच पेंड व तोच पाला, पण न आंबवता घालावा. आंबवण्याने काय साधले, ते तेव्हाच कळेल. शाळेच्या बागेत हे सहज जमते. प्रत्येक प्रकारचे तीन-चार वाफे ठेवावेत आणि कोणता कोठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर सावलीचा कोपरा निकाल बिघडवतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सुरपाल मुख्यतः वृक्षांविषयी बोलतो. आंब्याच्या मुळाशी ओतलेले पाणी फळाला लागत नाही. आपण तेच कोथिंबिरीवर आणि मुळ्याच्या पाल्यावर शिंपडतो. कंपोस्टचा चांगला रचलेला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, मडके तसे तापत नाही; शेण घातले असेल तर त्यातले रोगजंतू टिकून राहू शकतात. कोथिंबीर तर मुले कच्चीच खातात. तेव्हा प्रयोग करायचा तो वांगी-भेंडीच्या मुळाशी करावा, पालेभाजीवर करू नये.