किनारा नियमन अधिसूचना आणि सावित्रीचे खोरे : एक चिकित्सा

सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी भारत सरकारने १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ व २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. किनाऱ्याला कायद्याचे कवच दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यांची मूळ दृष्टी अंतरमापनाची आहे. समुद्रकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटर. खाडीकाठी २०११ मध्ये १०० मीटर, तर २०१९ मध्ये ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. पाण्याची क्षारता कोरड्या ऋतूत हजारी ५ भागांखाली गेली, की क्षेत्र संपते.

सावित्री नदी या मोजणीचे अपुरेपण दाखविते. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाडमार्गे ती बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघून दासगाव बंदरी उतरले आणि महाडला पोहोचले. महाडचे समुद्राशी असलेले नाते इतके निकटचे आहे. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्याचे नियमन मुख्यतः १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने होते, तर खाडीकाठाचे अधिसूचनेने. प्रवाह एक, चौकटी दोन. खाडीतील मासळी घटली तर उत्तरदायित्व कोणाचे, हा मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न या दोहोंच्या फटीत अडकतो. म्हणून समुद्राच्या आरोग्याचा विचार भरतीरेषेपासून नव्हे, तर नदीच्या खोऱ्यापासून सुरू व्हावयास हवा.