भीत, कंपित आणि प्रसारी

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असताना शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. भीतभीत गाणारा तो ‘भीत’ व ज्याचा स्वर कापतो तो ‘कंपित’. हातपाय पसरून गाणारा ‘प्रसारी’ही त्याच यादीत बसलेला आहे. आमच्या संगीतशिक्षणाने या तिसऱ्या दोषाचा जितका बंदोबस्त केला, तितका पहिल्या दोहोंचा केला नाही, अशी आमची तक्रार आहे. शिष्याचा हात जरा उचलला की गुरुजींचे डोळे वटारले जातात. षड्ज कापला तर मात्र ‘रियाज वाढव’ एवढाच उपदेश. परंतु घरी तासन्‌तास निर्दोष गाणारी मुलगी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा वर जाताच घशास कोरड पडून अडखळते, तेव्हा उणीव रियाजाची कशी म्हणावी?

भीतीने छाती धडधडते, श्वास आखूड होतो, तळहातास घाम सुटतो. दौडीने किंवा जोरबैठकांनीही छाती धडधडते व घाम सुटतो. ज्यास ही धडधड रोजच्या परिचयाची आहे, तो तिला संकटाची चाहूल समजत नाही. चढलेला दम पुन्हा खाली आणण्याची सवयही त्याच्या अंगी असते. जो जन्मभर सतरंजीवर मांडी घालून बसला, त्यास मात्र ती प्रथम भेटते ती नेमकी श्रोत्यांसमोर.

याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपुरास पोहोचते. दिंडीतील टाळकरी व मृदंगिये ही सारी वाट गात-वाजवीत चालतात. पावल्या खेळतात, फुगड्या घालतात, आणि सायंकाळी पुन्हा कीर्तनास उभे राहतात. तेथे कापरा आवाज आम्ही क्वचितच ऐकला. यावर कोणी म्हणेल की, वारकरी हा कलाप्रदर्शन करीतच नाही, त्यास भीती कसली? शिवाय शेकडो कंठ सोबतीस असतात. आक्षेप बराचसा खरा आहे. दम सरला तर टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, ही सोय बैठकीच्या गवयास नाही. तथापि कीर्तनकार निरूपणास एकटाच उभा असतो, आणि जाणत्या श्रोत्यांपुढे त्याची परीक्षा काही सौम्य नसते. तो पायांवर उभा असतो, हलतो, डुलतो. भीतीस बाहेर पडावयास वाट सापडते. भक्तीचा वाटा किती आणि पायांचा किती, हे निवडून काढणे कठीण. पण पायांचा वाटा शून्य मानणे आम्हांस पटत नाही.

बैठकीतील उदाहरण हवे असेल तर भीमसेन जोशी. कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या घरी शिकत असता त्यांनी दुरून पाण्याच्या घागरी वाहिल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पोहणे व योगासने यांचीही त्यांना आवड होती. पुढे मैफलीतील त्यांच्या हातवाऱ्यांवर शास्त्रनिष्ठांनी नाके मुरडली. शार्ङ्गदेवाच्या मोजपट्टीने ते ‘प्रसारी’ ठरतीलही. पण ‘भीत’ म्हणण्याची कोणाची छाती झाली? त्या हातवाऱ्यांचे अनुकरण पुष्कळांनी केले. त्यामागचे शरीर कमावण्याची दगदग फार थोड्यांनी घेतली.

पाश्चात्त्य वादकांतही ही व्यथा जुनीच आहे. पाब्लो कासाल्ससारखा चेलोवादक ती आयुष्यभर सोसत राहिला. कित्येक वादक हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या घेतात. अमेरिकेत टँगलवूड येथील तरुण वादकांना दोन महिने योगाभ्यास देऊन केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मनावरील ताण उतरला. रंगमंचाच्या भीतीत मात्र घट झाल्याचा केवळ कल दिसला. व्यायाम म्हणजे रामबाण नव्हे, हे यावरून उघड आहे.

व्यायामही पारखूनच घ्यावयास हवा. श्वास रोखून जड वजने उचलताना कंठ घट्ट आवळला जातो. गाणाऱ्यास ते हितावह नाही. चालणे, पोहणे, सूर्यनमस्कार हे त्यास अधिक मानवतील. आणि हे सकाळी व्हावे. मैफलीच्या तोंडावर दम लावून घेतल्यास विलंबित ख्याल कोण सांभाळणार?