कोटींचा हिशेब आणि ‘सैराट’

एखाद्या वर्षी कोणत्या चित्रपटाने किती द्रव्य मिळविले याची कोष्टके हल्ली वर्ष सरण्यापूर्वीच प्रसिद्ध होतात, आणि ज्या घरांत वर्षातील चार चांगल्या पुस्तकांची नावे कोणास सांगता येणार नाहीत त्या घरांतही ती तोंडपाठ असतात. सकाळच्या विरार गाडीत एका पायावर उभे राहून चर्चगेटास जाणारे आमचे वसईकर तरुण कोणता चित्रपट शंभर कोटींच्या पलीकडे गेला यावर जेवढ्या आवेशाने वाद घालतात, तेवढ्या आवेशाने त्या चित्रपटात काय होते यावर घालीत नाहीत. वाङ्मयाच्या मासिकात पैशाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु लोकरुचीचे मोजमाप म्हणून जी गोष्ट घरोघर मान्य झाली आहे, ती खरोखर काय मोजते हे पाहणे टीकाकाराचे कामच होय.

पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजीत. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि दादा कोंडके यांची कीर्तीही रौप्यमहोत्सवांनीच वाढली. या मापात एक गुण होता. चित्रपट पंचवीस आठवडे टिकावयाचा तर पाहून गेलेल्या माणसाने शेजाऱ्यास सांगावे लागे, आणि पुष्कळदा स्वतः पुन्हा यावे लागे. कोटींचे माप मुख्यतः पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवर उभे असते. शिवाय ते माणसे मोजीत नाही, रुपये मोजते. मॉलमधील चित्रगृहात महाग तिकीट काढणारा एक प्रेक्षक तालुक्याच्या जुन्या थिएटरातील तिघाचौघांइतका भरतो, आणि चोरटी प्रत मोबाइलवर पाहणारा तर हिशेबात येतच नाही. त्यातही कोणी एकूण विक्रीचा आकडा सांगतो, कोणी कर वजा जाता उरलेला, आणि निर्मात्याच्या हाती पडणारा वाटा याहून पुष्कळच कमी असतो. असो. आकडा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो फार थोडे सांगतो, एवढेच.

आम्ही २०१६ हे वर्ष निवडतो, कारण त्या वर्षीचे मराठी कोष्टक असाधारण आहे. १ जानेवारीस महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ आला, २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, आणि ४ नोव्हेंबरला राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’. (तो लागून चार दिवस होतात न होतात तोच पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. अशा आठवड्याचा गल्ला कशाचे माप मानावयाचा?) कमाईत अग्रभागी असलेले हे तीनही चित्रपट घराविषयी आहेत, आणि तिघांतही मृत्यू घरच्या माणसांच्या वेढ्यात येतो.

‘नटसम्राट’विषयी थोडक्यात लिहितो. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या नाटकाचे सामर्थ्य शब्दात आहे, आणि रंगमंचावरील शब्द दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोचताना मोठा होत जातो. कॅमेरा आप्पा बेलवलकरांच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ गेला की त्या शब्दांना मोठे होण्यास जागाच उरली नाही. नाना पाटेकरांचे श्रम दिसतात. विक्रम गोखले यांच्या रामभाऊचे दिसत नाहीत, म्हणूनच तो अधिक स्मरणात राहतो. ‘व्हेंटिलेटर’ आम्हांस अधिक ओळखीचा वाटला. गणपती तोंडावर आलेले, वडील माणूस अतिदक्षता विभागात, आणि कोकणातून निघालेले आप्त रुग्णालयाच्या आवारात मान-अपमान काढीत बसलेले, हे दृश्य वसईच्या कोणत्याही कुटुंबास पाठ आहे. त्यात हसू अधिक आहे, पण मापुसकरांनी ते कोठेही स्वस्त होऊ दिलेले नाही.

परंतु या दोघांची कमाई एकत्र केली तरी ती ‘सैराट’च्या पुढे जात नाही. सुमारे चार कोटींत निघालेला हा चित्रपट शंभर कोटींच्या पुढे गेला. मराठीत तोवर असे घडले नव्हते. गावोगावी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. त्याच वर्षीच्या हिंदी कोष्टकाच्या शिरोभागी ‘दंगल’ आणि ‘सुलतान’ हे दोन कुस्तीचे चित्रपट आहेत. त्यांतील ‘दंगल’मध्ये बाप मुलीला आखाड्यात उतरवितो आणि तिच्या विजयात आपला विजय पाहतो. ‘सैराट’मध्ये बापाच्या घरची माणसे तिच्याच बिऱ्हाडी येऊन तिला ठार करतात. एकाच वर्षी एकाच देशाने या दोन्ही मुलींवर पैसा ओतला, याचा अर्थ कोष्टक वाचून कोणास लावता येईल?

‘सैराट’चा पूर्वार्ध अतिशय देखणा आहे, व त्यावर आक्षेपही तोच घेतला जातो. करमाळ्याकडचा तो मुलूख, विहीर, ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी आर्ची, अजय-अतुल यांचे भव्य वाद्यवृंदाचे संगीत, हे सारे रुपेरी प्रेमकथेचे ठरलेले साहित्य आहे. पण मंजुळे हे साहित्य उधार घेतात आणि उत्तरार्धात त्याची वसुली करतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत संगीत ओसरते, आणि पाटलाची लेक घाणीने, भाषेने, एकटेपणाने गांजून रडू लागते. पर्श्या संशयाने तिच्यावर हात उगारतो, तेव्हा दलित-शोषित नायकही नवरा झाल्यावर काय होऊ शकतो हे दिग्दर्शकाने लपविलेले नाही. हा भाग अनेकांस कंटाळवाणा वाटला. आमच्या मते तोच चित्रपटाचा कणा आहे. त्यांना आश्रय देणारी सुमनअक्का नेमक्या वेळी भेटते हे मात्र सोयीचे वाटते, आणि लांबीही थोडी छाटता आली असती.

आणि ‘झिंगाट’. हे गाणे कोणत्या प्रसंगी येते, हे किती जणांस आठवते? ते आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या, वाढदिवसाचे आहे. वर्गात शिक्षकाच्या श्रीमुखात देणारा आणि घरी त्याबद्दल कौतुक करून घेणारा तो प्रिन्स. ज्याच्या वाढदिवशी सारे गाव नाचते, तोच शेवटी माहेरची भेट घेऊन बहिणीच्या दारी येतो. ती चहा करते. पुढे काय होते ते पडद्यावर आपणांस दिसत नाही. दिसते ते शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत आल्यावर त्याला दिसते तेवढे. आणि त्या वेळी पडद्यावर आवाज नसतो.

या गाण्याविना ‘सैराट’ कोष्टकाच्या माथ्यावर गेला नसता, हे उघड आहे. म्हणून प्रश्न असा की प्रेक्षकाने पैसे कशाचे दिले? २०१८ सालच्या हिंदी ‘धडक’च्या निर्मात्यांनी याचे उत्तर आपल्यापुरते देऊन टाकले. त्यांनी ‘झिंगाट’ हिंदी शब्दांत ठेवले, आणि जात जवळजवळ पुसून टाकली. शेवटही बदलून मुलीला जिवंत ठेवले. मराठी कोष्टक वाचून हिंदी व्यापाऱ्याने काढलेला हा निष्कर्ष होय, आणि त्यास केवळ व्यापारी म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटत नाही.

कारण आमच्याच वसई-विरारात पाहावे. येथे वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, ख्रिस्ती, आणि गेल्या पन्नास वर्षांत देशावरून व कोकणातून आलेली असंख्य कुटुंबे एकाच रस्त्यावर राहतात. लग्नसराईत क्वचितच एखादी वरात अशी निघते की जिच्यात हे गाणे वाजत नाही. बँजो लागला की आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे उतरतात, आम्हीही उतरलो आहोत. आणि ज्या स्थळासाठी ही वरात निघालेली असते ते बहुधा ज्ञातीच्या वधूवरसूचक मंडळाच्या वहीतून, गोत्र आणि पोटजात पाहून, निवडलेले असते. चित्रपट पाहून डोळे पुसलेल्या आयाच ती वही चाळतात. यात ढोंग आहे असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. त्या आयांचे अश्रू खरे होते, आणि वहीही खरी आहे. तीन तासांच्या चित्रपटाने त्या दोहोंची गाठ घालून द्यावी ही अपेक्षा कलाकृतीकडून करावी की नाही, याचा निर्णय आम्हांस करता आलेला नाही. मंजुळे यांनी ती गाठ घालण्याचा प्रयत्न केला, आणि त्यासाठी वाढदिवसाचे तेच गाणे आमिष म्हणून वापरले. आमिष गिळले गेले. गळ किती जणांस लागला ते आकडा सांगत नाही.

आम्ही तो चित्रपट रात्रीच्या खेळास पाहिला. गाण्यावर पुढच्या रांगेतील मुले खुर्च्यांवरून उठून नाचली होती, नाणी उधळली होती. शेवटी मूल रक्ताची पावले उमटवीत निघून गेले व दिवे लागले, तेव्हा तीच मुले मान खाली घालून बाहेर पडली. नेहमीची दाराशी होणारी रेटारेटी झाली नाही. बाहेर रिक्षांच्या तळावर एका रिक्षात तेच गाणे मोठ्याने लावलेले होते. दोघातिघांनी सवयीने पाय हलविले, मग थांबले, आणि त्यांतील एकाने रिक्षावाल्यास आवाज कमी करावयास सांगितले.